डायनासोर बुडत नाहीत

आमच्या यांनी सगळी नोकरी पोहण्याच्या तलावावर काढली. जीवरक्षक. म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून उंच पांढऱ्या खुर्चीवर बसायचं आणि पाण्यातली माणसं पाण्यावर राहतात ना, ते बघायचं. हे ऐकलं की प्रत्येक जण म्हणतो, ‘वा, आरामाचं काम आहे.’ त्या प्रत्येकाला एकदा आमच्याकडे राहायला बोलवावं असं माझ्या मनात येतं. यांना आराम करताना पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

कुणाच्या घरी समारंभाला गेलो, की हे दोन्ही दारं दिसतील अशी जागा धरतात आणि दुसऱ्यांची पोरं मोजत बसतात. आमच्याकडे पाहुणे आले तर ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ‘सावकाश, फरशी ओली आहे’ म्हणतात. फरशी कोरडी असते. माझ्याशी बोलतानासुद्धा यांची नजर माझ्या कानाच्या बाजूने पलीकडे जाते. पलीकडे आमचा फ्रिज आहे. त्याला काय होणार आहे?

तर असा हा माणूस. डोळ्यांत तेल घालून जगाकडे बघणार आणि वर म्हणणार, मला कसलाही ताण नाही. ताण आहे की नाही ते शेवटी दंडावरच्या पट्ट्याने सांगितलं. तलावाच्या नोकरांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी यांचं प्रेशर घेतलं, परत घेतलं, मशीन बदलून घेतलं. वरचा आकडा काही खाली यायला तयार नाही.

डॉक्टर म्हणाले, “उद्या खुर्चीवर तुम्हालाच चक्कर आली तर पाण्यातल्या लोकांनी कुणाकडे बघायचं?”

“मला चक्कर येत नाही,” हे म्हणाले.

“एक महिना देतो. आकडा खाली आणा. नाही आला तर खुर्ची सोडायची आणि तिकीट खिडकीत बसायचं.”

त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, “तिकीट खिडकीतून पाणी दिसत नाही.” खुर्ची गेली तर या माणसाचं काय होईल? मी घरी पडदे शिवते. माझं काम गेलं तर मला वाईट वाटेल, पण मी मी राहीन. यांचं तसं नाही.

उपाय आमच्या लेकीने काढला. ती दूर राहते, पण फोनवर घर चालवते. बाबांना गोळ्यांबरोबर विरंगुळा हवा, असं तिने ठरवलं. बागकाम सुचवलं तर हे म्हणाले, हौद उघडे असतात. संगीत सुचवलं तर म्हणाले, डोळे मिटून बसायला मला जमत नाही. मग तिने एक खेळाचा डबा पाठवून दिला, तो टीव्हीला कसा जोडायचा ते मला फोनवरून शिकवलं आणि सोबत दोन दांड्या असलेला एक रिमोट दिला.

खेळ डायनासोरांचा होता. मी घाबरले. आधीच प्रेशर, त्यात राक्षस. पण हा तसला खेळ नव्हता. यात मारामारी नाही, गुण नाहीत, हरणं नाही, मरणं तर मुळीच नाही. आपण एक डायनासोर व्हायचं आणि जंगलात राहायचं. पाला खायचा, चिखलात लोळायचं, उन्हात पडायचं. मागे बासरी वाजत असते. दातवाला एक आहे, पण तो दिवसभर झोपा काढतो. तो काय खातो ते दाखवत नाहीत आणि आपण विचारायचं नाही.

“बाबा, यात काहीच होत नाही,” लेक फोनवर कौतुकाने म्हणाली.

“काही होत नाही असं वाटतं ना,” हे म्हणाले, “तेव्हाच होतं.”

तरी बसले. खुर्चीसाठी बसले, हे मला ठाऊक होतं. घरी आणलेल्या प्रेशरच्या मशीनचा पट्टा दंडाला बांधला, खेळाच्या आधी आणि नंतर आकडा बघायचा असं ठरलं, आणि यांनी लांब मानेचा डायनासोर निवडला. का, तर उंचावरून दिसतं. थोडा वेळ पाला खाल्ला. जरा इकडेतिकडे फिरले. मी शिलाई मशीनवरून डोकावून बघत होते. जंगल सुंदर होतं, ऊन झाडांतून खाली येत होतं, आमचा लांब मानेचा झुलत झुलत चालला होता. वाटलं, लागली गाडी रुळावर. तेवढ्यात यांनी विचारलं, “पाणी कुठे आहे यात?”

पाणी होतं. मोठं तळं होतं आणि दुपार कलली की सगळा कळप तिथे डुंबायला यायचा. हे त्या तळ्याकाठी एका उंच खडकावर जाऊन उभे राहिले. तिथून जे हलले नाहीत ते जेवणाची वेळ झाली तरी हलले नाहीत.

दोन-चार दिवसांत त्या अख्ख्या जंगलाला शिस्त लागली, म्हणजे यांच्या मते. खेळात ओरडायचं एक बटण होतं. ते दाबलं की आमचा लांब मानेचा जहाजाच्या भोंग्यासारखा ओरडायचा आणि जवळची जनावरं माना वळवून बघायची. खेळ बनवणाऱ्यांनी ते गंमत म्हणून ठेवलं असावं. यांना वाटलं, आपली शिट्टी आहे आणि सगळे ऐकतात. पिल्लांनी आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या पुढे जायचं नाही. तीन शिंगवाल्याने काठावर पळायचं नाही. शेपटीला गोळा असलेल्याने पाण्यात शेपटी फिरवायची नाही, कुणाच्या तरी डोळ्याला लागेल. एकदा बघितलं तर हे दातवाल्याला भोंगे मारून उठवत होते. म्हटलं, “अहो, झोपलाय बिचारा.” तर म्हणाले, “पाण्याच्या इतक्या जवळ झोपत नाहीत.”

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, तुमच्याकडे पंपाचं काही काम चाललंय का. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

आणि आकडा? तो रोज खेळाआधी जेवढा असायचा त्यापेक्षा खेळानंतर जास्त. मन शांत करायच्या खेळाने प्रेशर वाढलेला हा पहिलाच माणूस असेल. मी लेकीला फोन लावला. तिने बाबांना समजावलं की हे डायनासोर बुडत नाहीत, त्यांना बुडताच येत नाही, पाय उचलले की आपोआप तरंगतात. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यंत्र आहे बाळा. बिघडतं कधीतरी.” लेकीने हात टेकले.

मी इतक्यात टेकणार नव्हते. मी लेकीला विचारलं, मला त्या जंगलात शिरता येईल का. ती म्हणाली, येईल की, तुझ्या टॅबवरून सहज येईल, बाबांना सांगू का? मी म्हटलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. माझा बेत साधा होता. यांच्यादेखत आपण खोल पाण्यात जायचं, तरंगून दाखवायचं आणि हा मनुष्य एकदाचा त्या खडकावरून उतरवायचा.

मी डायनासोर निवडला तो रंगावरून. शेवाळी, त्यावर पिवळे ठिपके. अगदी तशाच कापडाचे पडदे मी नुकतेच एका दवाखान्याला शिवून दिले होते, छान दिसले होते. आकाराकडे लक्ष दिलं नाही. बुटकं, गोल, पाय आखूड. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात टॅब घेऊन बसले आणि पूर्ण वेळ एका झाडात चालत होते. झाड हलेना, मी वळेना. दुसऱ्या दिवशी वळायला जमलं. तिसऱ्या दिवशी तळं सापडलं, आणि तळ्याकाठी खडकावर आमचे धनी, मान ताठ.

मी सरळ पाण्यात गेले. ओंडक्याजवळ पोचले तसा बाहेरच्या खोलीतून भोंगा आला. मी ओंडका ओलांडला. दोन भोंगे आले. मग यांचा स्वतःचा आवाज आला, “ए ठिपकेवाली, मागे हो.” मी पुढे झाले. पायाखालची जमीन सुटली आणि माझं ते गोल जनावर बुचकन वर आलं, तरंगायला लागलं. आखूड पाय पाण्याखाली आपले हळूहळू वल्हवत होते. वर आभाळ, आजूबाजूला कुणी नाही.

आणि खरं सांगते, मी बेत विसरले. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच राहिले.

कारण मी कधी पाण्यात गेलेच नव्हते. जीवरक्षकाची बायको, आणि मला पोहता येत नाही. यांनी अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. शेजारच्यांना शिकवलं, माझ्या भावाला शिकवलं, भावाच्या सासूबाईंना त्यांच्या गुडघ्यांसकट शिकवलं. मी म्हटलं की उत्तर ठरलेलं, “बघू पुढच्या उन्हाळ्यात.” उन्हाळे काय, येतात नि जातात. मी मनाशी समजून चुकले होते की माणसाला चारचौघांत आपल्या बायकोची लाज वाटत असणार. मी काही कधी काठीसारखी बारीक नव्हते. विचारणं सोडून दिलं, पण सल गेला नाही. पडदे शिवताना अशा गोष्टी फार आठवतात.

त्या दिवशी जेवताना हे अस्वस्थ होते. मी साळसूदपणे विचारलं, “काय म्हणतंय जंगल?”

“एक नवीन आलीय. ठिपकेवाली. सगळ्यांत बेढब जनावर. पोट हे एवढं, पाय नावाला. आणि सारखी खोल पाण्यात.”

“मादी आहे कशावरून?”

“ऐकत नाही त्यावरून.”

मी त्यांच्या ताटात वाढायचं थांबवलं. यांच्या लक्षात आलं नाही. म्हणाले, “त्या एकीमुळे माझं बाकीच्यांकडे लक्ष राहत नाही. हे बरोबर नाही.”

मी म्हटलं, बघू या कोण आधी दमतं. रोज संध्याकाळी माझी ठिपकेवाली तळ्याच्या मधोमध आणि यांचा भोंगा काठावर. वरच्या बाईंनी पंपवाल्याचा नंबर मागितला. आकडा तसूभर खाली येईना. महिना निम्म्याहून जास्त सरला होता, आणि माझ्या बेताने यांची खुर्ची वाचायची सोडून आणखी डुगडुगायला लागली होती. मीही काही कमी हट्टी नाही, पण आता मला भीती वाटायला लागली. उद्यापासून जायचं नाही, असं मी ठरवलं.

म्हणून तो शेवटचा दिवस. मी तळ्याच्या मधोमध होते आणि दाराची बेल वाजली. एका गिऱ्हाईक बाईंना पडदे आखूड झाल्यासारखे वाटत होते. पडदे बरोबर होते, त्यांनी खिडकी चुकीची मोजली होती, पण हे पटवायला वेळ लागतो. मी टॅब ओट्यावर ठेवून दारात बोलत राहिले. बाई गेल्या तेव्हा लक्षात आलं की बाहेरच्या खोलीतून कसलाच आवाज येत नाहीये. भोंगा नाही, बोलणं नाही.

डोकावून बघितलं. हे सोफ्याच्या अगदी टोकावर आले होते. टीव्हीवर माझी ठिपकेवाली पाण्यात निपचित पडली होती, मी हलवत नव्हते म्हणून. आणि खडक सोडून आमचा लांब मानेचा पाण्यात उतरला होता. त्या खेळात पळायची सोय नाही. सगळं संथ. हे दांडी पुढे रेटत होते, अंगठा पांढरा पडला होता, आणि ते अवाढव्य जनावर एकेक पाऊल टाकत चाललं होतं. पाणी गुडघ्याला लागलं, पोटाला लागलं. शेवटी पोचलं. यांनी ती लांब मान खाली केली आणि ठिपकेवालीच्या मानेखाली अलगद सरकवली.

मग काहीच झालं नाही. लेक म्हणाली होती तसंच. लांब मानेच्याचे पाय सुटले, तोही तरंगायला लागला. आभाळ गुलाबी झालं, बासरी वाजायला लागली. दोन जनावरं एकमेकांना टेकून पाण्यावर.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” हे म्हणाले. “धरलं तिला.”

दंडावरचा पट्टा फुगला, ओसरला. मी आकडा बघितला आणि चष्मा पुसून परत बघितला. इतका खाली आकडा मी आमच्या घरात कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर मी जायचं थांबवते कशाला? रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून तरंगायची आणि हे बाहेरच्या खोलीतून. खडक रिकामा. पिल्लं ओंडका ओलांडून कुठच्या कुठे जायची, तीन शिंगवाला काठावर धावत सुटायचा. मी मुद्दाम विचारलं, “कळपाचं काय?” तर म्हणाले, “बघतील आपलं आपलं.” माझ्या हातून कात्री निसटता निसटता राहिली. आकडा रोज थोडा थोडा उतरत होता. खुर्ची वाचणार, हे आता मला जवळजवळ दिसत होतं. लेकीने तर फोनवर आनंदाने रडून घेतलं.

मला आनंद झाला नव्हता असं नाही. पण मी माणूस आहे. या घरात मी समोर बसले तर फ्रिजकडे बघायचं, आणि तिकडे एका बेढब जनावराच्या शेजारी तासन्‌तास सुखाने पडून राहायचं. माझंच जनावर माझी सवत होऊन बसलं. मला माहीत होतं की ती मीच आहे. त्याने राग कमी होत नव्हता, उलट वाढत होता.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत पडद्याची दुमड टाचत बसले होते. ठिपकेवाली आधीच तळ्यात सोडून आले होते, म्हणजे टॅब मांडीखाली होता. हे तरंगत होते. खूश होते. आपणहून बोलले.

“चांगली सोबत आहे हिची,” म्हणाले. “काही बोलत नाही. काही मागत नाही.”

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी एकेक करून काढल्या, गादीला टोचल्या आणि म्हटलं, “ती मी आहे.”

“कोण?”

मी टॅब काढून समोर धरला आणि दांडी फिरवली. टीव्हीवर ठिपकेवालीने गिरकी घेतली. यांनी टीव्हीकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं. मग पट्टा आपोआप फुगायला लागला, कारण मशीनला लावून ठेवलेली खेळ संपायची वेळ झाली होती, आणि मशीनने आकडा दाखवला. इतक्या दिवसांत उतरवलेलं सगळं परत जागेवर, वर थोडी भर.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “कुठल्याही जनावराबरोबर तरंगाल,” मी म्हटलं, “आणि बायको म्हटलं की प्रेशर चढतं? इतकी लाज वाटते माझी? भावाच्या सासूबाईंना गुडघ्यांसकट शिकवलंत, आणि मला बघू पुढच्या उन्हाळ्यात. बेढब आहे म्हणून? पोट हे एवढं आहे म्हणून?”

यांनी सावकाश पट्टा सोडला, त्याची घडी घातली.

“तू एकदा आली होतीस तलावावर,” म्हणाले. “लग्न झालं तेव्हा. मी डबा विसरलो होतो.”

“आले होते. काठावर बसले, पाय पाण्यात सोडले. तुम्ही मला उठवून घरी घालवून दिलंत.”

“तू गेल्यावर मुकादमाने विचारलं, आत किती जण आहेत. मला सांगता येईना. कोण उतरलं, कोण बाहेर आलं, मी काही बघितलंच नव्हतं. कुणी बुडलं नाही. पण बुडलं असतं तरी मला कळलं नसतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तू होतीस ना तिथे. पाय पाण्यात सोडून.” मग म्हणाले, “तू पाण्यात असलीस तर मला दुसरं कुणी दिसणार नाही. मग खुर्चीवर बसून उपयोग काय?”

हे फ्रिजकडे बघत नव्हते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एवढा संसार झाला, लेक मोठी झाली, आणि हे एक वाक्य बाहेर पडायला डायनासोर लागले. मी म्हटलं, “हे तेव्हाच सांगितलं असतंत तर?” हे म्हणाले, “सांगण्यासारखं काय आहे त्यात?” आणि खरोखर त्यांना तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे मीही गेले. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, म्हणाले जरा बसा, पाणी प्या. परत बांधला. मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होते, ते दुसऱ्याच कुठल्या डॉक्टरांचं उरलेलं असावं.

“रात्री झोप झाली नाही का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” हे म्हणाले.

“महिनाभर काही विरंगुळा केलात?”

“डायनासोर बघितले.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते म्हणाले, आधीपेक्षा बरं आहे, औषधं चालू ठेवा, जिवाला धोका नाही. पण खुर्चीसाठी जेवढा हवा तेवढा आकडा खाली नाही. थोडक्यात राहिलं. उद्यापासून तिकीट खिडकी.

थोडक्यात राहिलं, हे मी घरापर्यंत ऐकत आले. एक संध्याकाळ मी टाचण्या तोंडातच ठेवल्या असत्या तर हा माणूस खुर्चीवर बसला असता. रस्त्यात यांनी कुरकुर केली नाही, नुसते नव्या मुलीबद्दल बोलत राहिले. यांच्या जागी येणारी मुलगी यांच्याच हाताखाली शिकलेली, पण तिला समोरचं दिसतं, कोपऱ्यातलं दिसत नाही, ऊन डोळ्यांवर आलं की टोपी पुढे घेते, मग अर्धं पाणी टोपीखाली जातं. उद्या बघायला पाहिजे कशी बसते ते. मला शेवटी राहवलं नाही.

“काल मी बोलले नसते तर?”

“तर खुर्ची राहिली असती,” हे म्हणाले. खोटं बोलायची सवय नाही त्यांना. पुढे चार पावलं गेल्यावर म्हणाले, “संध्याकाळी येणार आहेस ना तळ्यावर?”

“तळ्यावर नाही,” मी म्हटलं.

त्या दुपारी मी दुकानातून ताणणारं कापड आणलं आणि स्वतःची मापं स्वतःच घेतली, खरी घेतली. संध्याकाळपर्यंत पोहण्याचा पोशाख तयार. पडदेवालीने शिवलेला. सगळीकडे दुहेरी शिवण, हवं तर दहा वर्षं खिडकीला लावा.

दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेले तेव्हा हे खिडकीत बसले होते. खांदे आवळून, जाळीमागे, पाण्याकडे पाठ. मला पाहून उभे राहिले, मग बसले.

“एक तिकीट द्या,” मी म्हटलं.

“पोहता येतं का?” यांनी विचारलं. नियमाने विचारावं लागतं.

“नाही.”

“पोहता येत नसेल तर सोबत माणूस लागतो.”

“माणूस जाळीमागे बसलाय.”

माझ्या मागे रांग होती. एक आजोबा म्हणाले, “अहो, द्या ना बाईंना तिकीट, आमचा वेळ संपेल.” यांनी आजोबांकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. मग आजोबांना आणि बाकीच्यांना सावकाश तिकिटं दिली, सगळ्यांत शेवटी मला दिलं, आणि ‘जेवणाची सुट्टी’ लिहिलेली पाटी खिडकीत उलटी लावली. जेवायला अजून अवकाश होता.

पाणी गार होतं. टॅबवर ते कळत नाही. मी पायऱ्यांवर दांडा घट्ट धरून उभी राहिले आणि हे समोर कमरेएवढ्या पाण्यात. सगळा धीर पायऱ्यांवरच संपला होता. मी म्हटलं, “मला नाही जमायचं.”

“पाठ टेक. माझा हात आहे खाली.”

“डायनासोर बुडत नाहीत,” मी स्वतःलाच म्हटलं.

“तू डायनासोर नाहीस. म्हणून सांगतोय, तोंड मीट आणि मान सैल सोड.”

मान सैल सोडली. पाय सुटले तसे मी हात पाण्यावर आपटले, पण पाठीखाली तळवा होता, तो हलला नाही. कान पाण्याखाली गेले आणि सगळा गलबला एकदम लांब गेला. वर छताच्या काचांतून ऊन येत होतं आणि त्या उन्हाच्या खाली यांचा चेहरा, उलटा, माझ्याकडे बघणारा. कुठेतरी शिट्टी वाजली, कुणीतरी काठावरून पळालं असेल. यांनी मान वळवली नाही. मला इतका आनंद झाला की मी हसले, आणि हसताना पाणी प्यायले, आणि तरी बुडले नाही.

खिडकीची पाटी बराच वेळ तशीच राहिली असावी, कारण आम्ही बाहेर आलो तेव्हा मुकादम कपाळाला हात लावून रांगेला तिकिटं देत होता. मी केस पुशीत होते, हे टॉवेल खांद्यावर टाकून शेजारी बसले होते, बोटं सुरकुतलेली. मला नव्या मुलीची आठवण झाली.

“काय हो,” मी विचारलं, “कशी बसते ती खुर्चीवर?”

यांनी आता कुठे खुर्चीकडे मान वळवली.

“बघायचं राहिलंच,” म्हणाले.